चुंबकी अँगल गेज : छपराला उत्तम, न्हाणीला बेताचा

मुठीत मावेल एवढी चौकोनी डबी, समोर आकड्यांची पट्टी, तळाला चुंबक. लोखंडी पाइपाला लावली की चिकटते आणि पाइप किती अंशांनी कललाय ते दाखवते. डिजिटल अँगल गेज म्हणून ही वस्तू हजार ते दोन हजार रुपयांच्या आसपास ऑनलाइन मिळते. म्हापसा, फोंडा, मडगावच्या मोठ्या हार्डवेअर दुकानांतही मिळू शकते, मात्र मागितल्यावर काउंटरवर आधी पाणसळच येते. नावाजलेल्या कंपन्यांचे गेज याच्या कितीतरी पट महाग असतात. इथे जे लिहिलंय ते साध्या, स्वस्त वर्गाबद्दल आहे, कारण घरदुरुस्ती करणारे, फॅब्रिकेशनवाले आणि सुतार हाच घेतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. कोन मोठा आणि मोजायची जागा छोटी असेल तर पैसे वसूल. उतार नाममात्र आणि लांबी मोठी असेल तर हा गेज तुमची फसगत करील. त्या कामाला पाणी भरून पातळी बघायची शंभर रुपयांची पारदर्शक नळी याच्यापेक्षा सरस आहे.

कारण साधं आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत ०.०५ अंश छापलेलं असतं. आकडा किती बारीक दिसतो ते यातून कळतं, तो किती खरा आहे ते नाही. खरेपणाचा आकडा आतल्या कागदावर बारीक टायपात असतो: शून्य आणि नव्वद अंशांना ±०.१, मधल्या कोनांना ±०.२. आता ०.१ अंशाची चूक म्हणजे मीटरला १.७५ मिलिमीटर आणि ०.२ म्हणजे मीटरला साडेतीन. बऱ्यापैकी पाणसळीची चूक मीटरला अर्धा मिलिमीटर, म्हणजे ०.०३ अंश. आकडे दाखवणारं यंत्र म्हणून ते बुडबुड्यापेक्षा अचूक असणार, हा समज इथेच निकालात निघतो. शिवाय गेजचा तळ जेमतेम सहा सेंटीमीटर लांब. त्याच्याखाली एका टोकाला ०.३ मिलिमीटरचा एक कण आला तरी आकडा जवळजवळ ०.३ अंशांनी सरकतो. वेल्डिंगचा छर्रा, ग्राइंडरची लोखंडी भुकटी, किनाऱ्यावरच्या वाळूतले काळे कण, हे सगळं तळाच्या चुंबकाला आवडीने चिकटतं. फुंकर मारून निघत नाही. चिकटपट्टीचा तुकडा तळावर दाबून उचलला की निघतं. प्रत्येक मापाआधी तळावरून अंगठा फिरवायची सवयच लावून घ्यावी.

आत असतो तो मोबाइलमध्ये असतो तसलाच सेन्सर. गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला ओढतंय ते पाहून तो कोन काढतो. म्हणून हलत्या जागी तो बावचळतो, आणि तापला तरी आकडा सरकतो. दुपारी बाराला पत्र्यावर अर्धा तास पडून राहिलेल्या गेजवर विसंबू नये. सावलीत पाच-दहा मिनिटं ठेवावा, मग शून्य तपासून कामाला घ्यावा.

शून्य तपासणं हे या वस्तूचं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि तेच कोणी करत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर किंवा काचेवर गेज ठेवा, कडेने पेन्सिलची रेघ मारा, आकडा वाचा. आता गेज उचलून टोकं उलटसुलट करून त्याच रेघेत बसवा. खरा असेल तर आकडा तोच येईल, फक्त वर जाणारी बाजू दाखवणारा बाण बदलेल. एकदा ०.४ आणि उलटवल्यावर ०.२ आला, तर ओट्याचा खरा कल ०.३ आणि गेजची स्वतःची चूक ०.१. बहुतेक गेजमध्ये ही चूक काढून टाकायची सोय असते: एक बटण दाबून धरायचं, पहिलं माप द्यायचं, अर्धा फेरा फिरवून दुसरं द्यायचं. बटणांचा क्रम मॉडेलगणिक बदलतो, म्हणून तो कागद फेकू नका.

दुसरा घोळ ‘झिरो’ बटणाचा. हे बटण गेज दुरुस्त करत नाही. समोरचा पृष्ठभाग कसाही कललेला असो, त्यालाच शून्य मानून पुढचं सगळं मोजतं. करवतीच्या टेबलाशी पात्याचा कोन मोजायचा असेल तेव्हा ते हवंच. पण कामगाराने पडवीच्या उतरत्या पाइपावर चुकून ते दाबलं आणि पुढे दिवसभर त्याच आकड्यांवर वासे बसले, तर काय होईल ते सांगायला नको. पडद्यावर ‘एबीएस’ (ॲब्सोल्यूट, म्हणजे गेज खऱ्या आडव्यापासून मोजतोय) ही अक्षरं आहेत की नाहीत, ते प्रत्येक वेळी बघावं. काही गेजमध्ये ती इतकी बारीक असतात की छपरावर उभ्याने दिसत नाहीत. या वर्गातल्या गेजबद्दल ही आमची पहिली तक्रार.

तिसरी गोष्ट एककाची. अंश आणि टक्के यांत गल्लत होते, कारण एकाच बटणाने दोन्ही फिरतात. १.५ टक्के म्हणजे ०.८६ अंश, आणि १.५ अंश म्हणजे २.६ टक्के. ४५ अंश म्हणजे १०० टक्के. गवंड्याचं ‘फुटाला पाव इंच’ म्हणजे १:४८, अंशांत १.१९. सुताराचं ‘बाराला सात’ म्हणजे ३०.३ अंश. गेज हातात देण्याआधी ही दोन मापं त्याच्या डबीवरच मार्करने लिहून ठेवावीत. मेस्त्री अंशांत बोलत नाही, आणि त्याने बोलावं अशी अपेक्षाही धरू नये.

छप्पर

गोव्यात या गेजचं खरं काम इथे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका. मंगलोरी कौलांच्या छपराला म्हणूनच तीस अंशांच्या आसपासचा कल ठेवतात. त्याहून बराच कमी केला तर वारा पाण्याला उलटं ढकलतो आणि ते कौलाच्या चढणीतून आत येतं. फार उभा केला तर कौलं घसरायला बघतात आणि तारेने बांधावी लागतात. जुन्या घरात नेमकं कुठे गळतं ते पाहा: मूळ घराचं पाखं (छपराची उतरती बाजू) कोरडं असतं आणि मागाहून जोडलेली पडवी टपकत असते. पडवीला उंची पुरत नाही, म्हणून जोडणारा कल वीस-बावीस अंशांवर आणतो आणि कौलं मात्र तीच घालतो. अशा जागी गेज लावला की वादच मिटतो. आकडा २२ दाखवत असेल तर कौलं बदलून, सिमेंट थापून काही होणार नाही. एक तर उंची काढा, नाहीतर कौलांखाली पत्रा घाला.

हल्ली लाकूड परवडत नाही म्हणून वासे लोखंडी चौकोनी पाइपांचे करतात. गेजला ते सोयीचं, कारण चुंबक पाइपाला धरून राहतो आणि वेल्डरचे दोन्ही हात मोकळे राहतात. टाके मारण्याआधी प्रत्येक वाशाला गेज लावून आकडा जुळवावा, मगच पक्कं वेल्डिंग. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो, म्हणून नंतर परत एकदा. मात्र वेल्डिंग चालू असताना गेज काढून खाली ठेवा. ठिणगीने पडद्यावर फोड येतात, आणि अर्थिंगच्या वाटेत इलेक्ट्रॉनिक वस्तू ठेवायची नसतेच.

जुन्या लाकडी छपराला झोळ किती पडलाय तेही याने कळतं. एकाच वाशाला तीन जागी लावा: भिंतीजवळ, मधोमध, आढ्याजवळ. तिन्ही आकडे सारखे, तर वासा सरळ. खाली २९.१, मध्ये ३०, वर ३०.९ असं आलं, तर वासा मध्ये खाली बसलाय. चार मीटरच्या वाशाला एवढा फरक म्हणजे साधारण दीड सेंटीमीटरचा झोळ. रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) चकती घालून उचलता येतात. मधल्या आकड्यापासून टोकाला दीड-दोन अंशांचा फरक आला तर चकत्यांनी भागणार नाही, वासाच बघावा लागेल. वाळवीने खाल्लेला आहे का, ते पेचकस टोचून पाहा. लाकडाला चुंबक चिकटत नाही आणि रंध्यातून न निघालेलं जुनं लाकूड खडबडीत असतं, म्हणून गेज थेट न ठेवता दोन फुटी सरळ पट्टीवर ठेवावा. जिथे जिथे पृष्ठभाग ओबडधोबड, तिथे हाच उपाय. गेजचा तळ छोटा, पट्टीने तो लांब होतो.

दोन्ही पाखांचे कल वेगळे आले तर गेजला दोष देऊ नका. बहुतेक वेळा दोन भिंतींची उंची सारखी नसते किंवा आढं मधोमध नसतं. हे नळीने तपासायचं काम, गेजचं नव्हे.

एक खुबी सगळ्यांनाच माहीत नसते. गेज कलाच्या सरळ रेघेत, म्हणजे पाणी ज्या वाटेने उतरेल त्या वाटेवर ठेवला तरच पूर्ण कोन दाखवतो. तीस अंशांच्या पाखावर तो वीस अंश तिरका ठेवला, तर अठ्ठावीसच दाखवील. वाशावर ही चूक होत नाही, कारण वासाच त्याला धरून ठेवतो. पत्र्यावर, सोलर पॅनेलवर किंवा फळीवर मात्र हमखास होते. शंका आली तर गेज जागच्या जागी हळूहळू फिरवा. सगळ्यात मोठा आकडा तो खरा.

सोलर, डिश, करवत

गोव्याचा अक्षांश साधारण पंधरा ते पावणेसोळा. म्हणून वर्षभराचा हिशोब धरून पॅनेल दक्षिणेकडे पंधरा अंश कलवतात. दोन मीटर लांबीच्या पॅनेलची मागची कड त्यासाठी पुढच्यापेक्षा ५२ सेंटीमीटर वर हवी. बारा किंवा अठरा झाला म्हणून वीजबिलात काही कळून येणार नाही. बसवणाऱ्याशी एकेका अंशावरून भांडू नये. मेपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरदुपारी सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेलाच असतो, आणि त्यातला अर्धा काळ ढगांत जातो. भांडायचं असेल तर दहा अंशांच्या खाली जाणाऱ्या कलावरून भांडा. मग पाणी खालच्या कडेला थबकतं, चिखल आणि शेवाळ तिथेच साचतं आणि खालच्या ओळीतले सेल झाकले जातात. गेज काचेवर नव्हे, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर धरायचा. चुंबक तिथे धरत नाही, हाताने धरावा लागतो. एका रांगेतल्या सगळ्या पॅनेलांना सारखा आकडा आला पाहिजे आणि आडव्या दिशेने शून्य. या कामाला गेज पुरेसा, किंबहुना गरजेपेक्षा जास्तच चांगला आहे.

डिशच्या बाबतीत त्याचा उपयोग अर्धाच. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतं तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. पणजीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच. ताटली बघितली तर ती इतकी वर बघत असल्याचं वाटत नाही, कारण ती ऑफसेट असते आणि वीस-पंचवीस अंशांचा फरक तिच्या घडणीतच धरलेला असतो. ताटलीवर गेज ठेवून ६१ शोधत बसलात तर सिग्नल कधीच मिळणार नाही. गेज लावायचा तो खांबाला, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी. दोन्हीकडे ९० आला की मागच्या ब्रॅकेटवरचे छापील अंश खरे ठरतात, आणि उरलेलं काम सिग्नल मीटरचं.

सुतारकामात गेज चोख आहे. टेबलावर ठेवून झिरो, मग पात्याच्या पोटाला (दातांना नव्हे) चिकटवून ४५. यंत्राच्या अंगच्या पट्टीवर विसंबण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. तरी चौकटीचे आठ काप धरले आणि प्रत्येकात ०.२ अंशाची तीच चूक राहिली, तर शेवटच्या कोपऱ्याला १.६ अंशांची फट पडते. पाच सेंटीमीटर रुंद पट्टीत ती जवळजवळ दोन मिलिमीटर दिसते. म्हणून टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे कापून गुण्याला लावून बघावेत. कोन बघायला गेज, खात्रीला गुण्या.

होडीच्या आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेल्या) मोटरीचा टिल्ट, म्हणजे कल, बसवायला काहीजण हा वापरतात. किनाऱ्यावर होडी ओंडक्यांवर स्थिर असेल तर वापरता येतो: आधी होडीच्या तळाला लावून झिरो, मग पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीला लावायचा, आणि पिनेचं भोक असं निवडायचं की फरक शून्याच्या जवळ यावा. मोटर जास्त आत राहिली तर नाळ (होडीचं पुढचं टोक) पाण्यात रुतते आणि सुकाणू जड लागतं. जास्त बाहेर गेली तर नाळ उसळत राहते. पुढचं भोक मागचं भोक हे शेवटी चालवून बघूनच ठरतं. होडी पाण्यात असताना गेज बाहेरही काढू नका. लाटेबरोबर आकडा नाचतो आणि खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा बॅटरीच्या कप्प्यात गेला की खेळ खलास. (मांडवीतल्या कॅसिनोत हरून हरून डोकं फिरलेल्या खेळाडूलाही टिल्टवर गेला म्हणतात. तो मोजायची सोय अजून कुठल्याच मॉडेलात नाही.)

जिथे नको

न्हाणीची फरशी. इथे उतार असतो १:८० ते १:६०, म्हणजे ०.७ ते ०.९५ अंश. गेजची स्वतःची चूक ०.२ असेल तर जवळजवळ पाव उतार चुकीतच गेला. त्यात न्हाणीच्या फरश्या खरखरीत, न घसरणाऱ्या; सहा सेंटीमीटरचा तळ त्या खवल्यांवर डुगडुगतो आणि दोन बोटं सरकवला की आकडा ०.४ वरून १.३ वर जातो. असा गेज दाखवून मेस्त्रीला चूक ठरवू नये, तो बरोबर असण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी मीटरभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, वर पाणसळ ठेवा आणि न्हाणीच्या ट्रॅपकडच्या (पाणी जायच्या जाळीकडच्या) टोकाखाली साडेबारा मिलिमीटर जाडीचा तुकडा द्या. बुडबुडा मधोमध आला की १:८० झाला. १:६० हवा असेल तर तुकडा साडेसोळा-सतरा मिलिमीटरचा. फरशी बसवताना हे चारही कोपऱ्यांतून करायचं, सिमेंट ओलं असतानाच. नंतर बादली ओतून तळं बघण्यात फक्त मनस्ताप.

गच्चीचा १:१०० उतार म्हणजे ०.५७ अंश. त्यासाठी गेज विकत घ्यायचा विचारही करू नये. आठ-दहा मिलिमीटरची पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, मध्ये एकही हवेचा बुडबुडा नाही, दोन्ही टोकं उघडी. एक टोक ट्रॅपजवळच्या खुणेवर, दुसरं लांबच्या भिंतीवर. पाणी स्थिर झालं की खूण. सहा मीटरवर सहा सेंटीमीटर चढ, हिशोब संपला. नळीचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत असेल तर दोन्हीकडची पाणीपातळी थोडी फसवते, तेवढं सांभाळा. सांडपाण्याच्या चार इंची पाइपालाही हेच. पीव्हीसीला चुंबक धरत नाही, आणि दोन क्लॅम्पांच्या मध्ये पाइप वाकलेला असतो. गेज मधल्या झोळाचा आकडा दाखवील, सबंध पाइपाचा नव्हे.

चिऱ्याच्या भिंतीचा उभेपणा बघायला ओळंबाच. तीन मीटर उंचीवर ०.१ अंश म्हणजे पाच मिलिमीटर. ओळंब्याची दोरी वारा नसताना त्याहून कितीतरी नेमकं सांगते, आणि चिऱ्याच्या खडबडीत अंगावर गेज नीट टेकतही नाही. एसीच्या आतल्या युनिटचा निचरा, वॉशिंग मशीनचे पाय, चतुर्थीच्या माटोळीची चौकट, ही कामं पाणसळ किंवा डोळा करतो. एकदाच काही मोजायचं असेल तर मोबाइलमधली लेव्हलही चालते. फक्त कव्हर काढा आणि पाठीवर नव्हे, लांब कडेवर उभा धरा. पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो.

टिकाऊपणा

बॉडी ॲल्युमिनियमची असलेलाच घ्या. प्लास्टिकच्या बॉडीत तळाची सपाटी पहिल्या पडण्यातच जाते. पडदा जाड काचेआड नसतो. खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला की ओरखडे. मागचा उजेड काहींना आहे, काहींना नाही; कौलांखाली अंधारात काम असेल तर असलेलाच बघा. आकडे आपोआप उलटणारा पडदाही कामाचा, कारण गेज उलटा टांगल्यावर मान वाकडी करून वाचावं लागत नाही. ‘होल्ड’ बटण अडचणीच्या जागी हात घालून मोजताना लागतंच.

खरा शत्रू आपला पावसाळा. जूनमध्ये पेटीत टाकलेला गेज सप्टेंबरात काढला की बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवट थर दिसतो. काम नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि तळाला मशीन ऑइलचा हात फिरवा, कारण चुंबकांच्या भोवती गंज लवकर धरतो. हिरवा थर आलाच तर बारीक सँडपेपरने पत्रे घासून पुसावेत. सेल नवा घालूनही पडदा फिका दिसत असेल तर दोष बहुधा तिथेच असतो. सेल उतरला की काही गेज इशारा देण्याआधीच आकडा हलवायला लागतात. आकडा स्थिर जागीही थरथरत असेल तर आधी सेल बदला.

दुकानात घेत असाल तर खोकं तिथेच उघडून मागा. काउंटरच्या काचेवर ठेवा, वाचा, टोकं उलटवा, परत वाचा. मग काच सोडून दुकानातल्याच एखाद्या लोखंडी अँगलला चिकटवा आणि बोटाने टिचकी मारा. टिचकीनंतर आकडा पहिल्या जागी परतला पाहिजे. उलटवल्यावर ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर दुसरा पीस मागा. बटणाने दुरुस्त होतो असं दुकानदार म्हणेल, आणि बऱ्याचदा होतोही. पण कारखान्यातूनच सरकून आलेला सेन्सर उन्हापावसात पुन्हा सरकतो. ऑनलाइन घेतला तर हीच तपासणी परतीची मुदत संपायच्या आत करा, खोकं आणि तो बारीक टायपातला कागद जपून ठेवून.